रक्त धुणारे यंत्र

युरिया तुम्हाला नवा नाही. पांढरे दाणे, ओल्या हाताला गार लागणारे. मक्याला टाकता, कांद्याला टाकता. हाच युरिया आपल्या अंगातही तयार होतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. गोणीतला वेगळा आणि अंगातला वेगळा असे काही नाही. पदार्थ एकच.

तो होतो कसा? आपण डाळ खातो, दूध पितो, अंडी-मटण खातो. त्यात प्रथिने असतात. प्रथिनांतून अंगाची बांधणी होते. बांधणीत जी मोडतोड उरते, तिचा युरिया होतो. हे काम यकृतात चालते. यकृत म्हणजे खाटीक जिला कलेजी म्हणतो तो अवयव. धडधाकट माणूस दिवसाकाठी २० ते ३० ग्रॅम युरिया लघवीवाटे बाहेर टाकतो.

हे बाहेर टाकण्याचे काम दोन मूत्रपिंडे करतात. बोलताना आपण किडनी म्हणतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आसऱ्याला ती बसलेली असतात. आकार घेवड्याच्या बीसारखा, मोठेपणा मुठीएवढा. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांतून १८० लिटर पाणी गाळून निघते. १५ लिटरचा हंडा धरला तर १२ हंडे झाले. यातले कामाचे पाणी, मीठ, साखर मूत्रपिंड पुन्हा रक्तात घेते आणि दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर सोडते. रात्र नाही, दिवस नाही, सणवार नाही.

हे काम बंद पडले तर? मधुमेहाने पडते, वाढलेल्या रक्तदाबाने पडते, मुतखडा अडकून पडते, वर्षानुवर्षे अंगदुखीच्या गोळ्या खाऊन पडते. कधी कधी कारण सापडतही नाही. मग घाण अंगातच साठू लागते. तोंडाची चव जाते. मळमळते. पाय सुजतात, अंगाला खाज सुटते, चार पावले चालले तरी दम लागतो. शेवटी शेवटी माणूस गुंगीत पडून राहतो. एके काळी अशा माणसापुढे डॉक्टरही हात टेकत.

हॉलंड देशात विलेम कोल्फ नावाचे एक तरुण डॉक्टर होते. १९३८ साली त्यांच्या वॉर्डात २२ वर्षांचा एक मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावला. शेतकऱ्याचा मुलगा. आता तो वाचणार नाही, हे त्याच्या आईला सांगण्याची पाळी कोल्फ यांच्यावर आली. त्यांच्या मनाने घेतले, की या पोराच्या रक्तातून रोज २० ग्रॅम युरिया काढता आला असता तर तो जगला असता. पाच वर्षे त्यांनी हा नाद सोडला नाही. १९४३ साली त्यांनी यंत्र उभे केले. देश तेव्हा जर्मन फौजेच्या ताब्यात. सामान मिळेना. मांसाचा खिमा भरायला तिकडे एक पातळ, काचेसारखी आरपार दिसणारी नळी वापरत. ती त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला गुंडाळली. पिंप मिठाच्या पाण्यात अर्धे बुडवले आणि फिरवले. नळीतून रोग्याचे रक्त वाहत होते. नळीला डोळ्यांना न दिसणारी भोके होती. त्यांतून युरिया पाण्यात उतरला, रक्त नळीतच राहिले. युक्ती बरोबर निघाली. तरी पहिल्या पंधराएक रोग्यांपैकी जवळजवळ सगळे गेले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे सात वर्षे जगली. इतकी माणसे डोळ्यांदेखत गेल्यावरही पुढच्या रोग्याला हात लावणाऱ्या त्या डॉक्टरच्या छातीचे आम्हाला नवल वाटते.

आज नाशिकच्या दवाखान्यांत जी यंत्रे दिसतात ती याच पिंपाची नातवंडे. या इलाजाला डायलिसिस म्हणतात. निफाड, सिन्नर, दिंडोरी, पेठ अशा तालुक्यांतून माणसे सकाळच्या एस.टी.ने येतात, पलंगावर आडवी होतात. हातात दोन सुया टोचतात. एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून परत येते. यंत्रात हातभर लांबीची एक गोल नळकांडी असते. तिच्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो नळ्या भरलेल्या असतात. आतून रक्त वाहते, बाहेरून पाणी वाहते. एका वेळी पाव लिटरच्या आसपासच रक्त अंगाबाहेर असते, म्हणून घाबरू नये. चार तासांत अंगातले सगळे रक्त बारा-चौदा वेळा या नळ्यांतून फिरून येते.

या यंत्रावर माणूस किती काळ काढू शकतो? जयप्रकाश नारायण यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नाशिकचा आणि त्यांचा संबंध जुना. इंग्रजांनी त्यांना १९३२ साली पकडून नाशिकच्या तुरुंगात ठेवले होते. तेथे अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता असे सोबती त्यांना भेटले आणि १९३४ साली निघालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची बोलणी त्या भिंतींच्या आत झाली. पुढे १९७५ साली आणीबाणीत ते पुन्हा अटकेत पडले, आणि त्या वर्षाच्या शेवटी त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतले. १९७७ च्या निवडणुकीत हा सत्तरी ओलांडलेला माणूस डायलिसिसच्या मधल्या दिवसांत सभा घेत फिरला. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात ते वारले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे त्यांनी यंत्राच्या आधारावर काढली. त्यांना मधुमेह होता, हृदयाचाही विकार होता. आज कित्येक रोगी याहून पुष्कळ जास्त वर्षे काढतात.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला की! रक्त मळले, यंत्राने धुतले, झाले. पण डायलिसिसच्या रोग्याच्या घरी जाऊन पाहा. आठवड्यातून तीनदा रक्त धुतले जाते, तरी भूक लागत नाही. दंड वाळत जातात. रक्त वाढण्याची सुई देऊनही रक्त वाढत नाही. आणि या रोग्यांना मृत्यू येतो तो बहुतेक वेळा हृदयाच्या विकाराने नाहीतर जंतूंच्या बाधेने. असे का व्हावे? हेच आम्हाला या धड्यात सांगायचे आहे.

पहिली गोष्ट हिशेबाची. आठवड्याचे तास १६८. मूत्रपिंडे १६८ तास राबतात. यंत्र चार-चार तास तीन वेळा, म्हणजे १२ तास. उरलेले १५६ तास घाण साठतच असते.

दुसरी गोष्ट घाणीच्या जातीची. युरिया ही एकच घाण नाही. मूत्रपिंड गेल्यावर रक्तात साठणारे शंभराहून जास्त पदार्थ शोधून काढलेले आहेत. काही युरियासारखे बारीक आणि सुटे असतात. ते यंत्राच्या भोकांतून भराभर निघतात. काही मोठ्या अंगाचे असतात. ते भोकांतून जातात, पण कष्टाने आणि हळूहळू. तिसरी जात सर्वांत चिवट. ती समजावी म्हणून मेंढरांकडे पाहू.

दिवाळीनंतर आपल्या शिवारात मेंढरांचे कळप बसतात. रात्री भोवती जाळी लावतात. जाळीतून लेंडी बाहेर पडेल, मेंढरू पडणार नाही. आता त्या मेंढराच्या लोकरीत गोखरू अडकले असेल तर? गोखरू बारीकच आहे. सुटे असते तर जाळीतून केव्हाच गेले असते. पण ते लोकरीत रुतलेले आहे. मेंढरू आत, म्हणून गोखरूही आत.

रक्तातले मेंढरू म्हणजे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन. अंड्यातल्या पांढऱ्या भागात असते त्याच्याच जातीचे. ते अंगाला हवे असते, म्हणून यंत्राची भोके मुद्दामच अशी ठेवतात की अल्ब्युमिन जाऊ नये. काही विषारी पदार्थ या अल्ब्युमिनला गोखरूसारखे चिकटून बसतात. शंभरातले नव्वदाहून अधिक चिकटलेले, थोडेसेच सुटे. यंत्र सुटे तेवढे काढते. चिकटलेले तसेच फिरत राहतात.

मग धडधाकट मूत्रपिंड ते कसे काढते? इथे देवाची म्हणा, निसर्गाची म्हणा, करामत पाहा. मूत्रपिंडाचे काम नुसते गाळण्याचे नाही. गाळणीच्या पुढे बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांच्या भिंतीतल्या पेशी अल्ब्युमिनला चिकटलेले विष एक एक करून वेचतात आणि लघवीत टाकतात. धनगरीण मेंढराला मांडीशी धरून लोकरीतले गोखरू बोटांनी वेचते ना, अगदी तसे. यंत्राजवळ चाळण आहे, ही वेचणारी बोटे त्याच्याजवळ नाहीत. अजून कोणाला ती नीट बनवता आलेली नाहीत.

ही चिकट विषे येतात कोठून? आतड्यांतून. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. ते बहुतेक आपल्या उपयोगाचेच. न पचता खाली आलेली प्रथिने ते कुजवतात. त्यातून काही पदार्थ सुटतात, ते यकृतात जाऊन बदलतात आणि रक्तात येतात. त्यांपैकी एकाचे नाव इंडॉक्सिल सल्फेट. नीळ तुम्ही पाहिली आहे. निळीच्या झाडात ज्या पदार्थापासून निळा रंग होतो, त्याचाच हा भाऊबंद. दुसऱ्याचे नाव पॅरा-क्रेसिल सल्फेट. नावे विसरलात तरी चालेल. इतके ध्यानात असू द्या, की पोट साफ नसले, मळ दिवसचे दिवस आत राहिला, तर जंतूंना कुजवायला वेळ मिळतो आणि हे विष जास्त होते.

या विषाने होते काय? त्याने अंगात दाह सुरू होतो. दाह म्हणजे छातीतली जळजळ नव्हे. पायात काटा मोडला म्हणजे ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. अंगाचे शिपाई तेथे धावून आलेले असतात. जंतू मेले, काटा निघाला, की शिपाई परततात. चार दिवसांत पाय बरा. हा दाह आपल्या भल्याचा.

डायलिसिसच्या रोग्याच्या अंगातला दाह निराळा. गावाबाहेरचा उकिरडा कधी पेटतो. वर जाळ दिसत नाही. धूरही बेताचाच. पण आत काठी घालून पाहा, टोक जळून येते. महिनोन्‌महिने तो धुमसतो. तसे या रोग्यांचे असते. ताप नाही, सूज नाही, ठणका नाही, आणि शिपाई मात्र रात्रंदिवस हातघाईवर. शत्रू सापडला नाही म्हणजे ते घरचेच मोडू लागतात. रक्तवाहिन्यांची आतली गुळगुळीत बाजू खरबरीत होते. बोअरच्या पाण्याने हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तसा चुन्याचा थर रक्तवाहिन्यांत धरतो. त्यांचा लवचिकपणा जातो आणि हृदयावर भार येतो. भूक मरते. अंगातले लोह कोठारात कुलूपबंद होते, म्हणून लोहाची औषधे आणि सुया घेऊनही रक्त वाढत नाही. यकृत अल्ब्युमिन कमी बनवते आणि सी.आर.पी. नावाचे दुसरेच प्रथिन जास्त बनवते. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला पाठवतात तेव्हा या दोन आकड्यांकडे त्यांची नजर असते. तुम्हीही कागद हातात आला की विचारा, ‘डॉक्टरसाहेब, अल्ब्युमिन किती आलं? मागल्या खेपेपेक्षा कमी का जास्त?’ विचारण्यात कमीपणा नाही.

उकिरड्यात ठिणगी एकाच बाजूने पडते असे नाही. विष ही एक झाली. आणखीही आहेत, आणि त्यांतल्या काही आपल्या हातातल्या आहेत.

मानेतली नळी घ्या. डायलिसिस घाईने सुरू करावे लागले तर मानेच्या शिरेत नळी बसवतात. ती नळी म्हणजे बाहेरून थेट हृदयापर्यंत गेलेली वाट. जंतूंना ती आयतीच सापडते. म्हणून डॉक्टर सांगतात, हातावर फिस्टुला करून घ्या. छोटीशी शस्त्रक्रिया करून मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. १९६६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही रीत जगापुढे मांडली आणि अजून तिच्याहून चांगली रीत निघालेली नाही. जोडलेली शीर फुगून जाड व्हायला महिना-दीड महिना, कधी जास्तही लागतो. लोक काय करतात? ‘नळीनं चाललंय ना, मग हात कशाला कापायचा?’ म्हणून वर्ष वर्ष नळीवरच काढतात. आमच्या मते याच्याइतका महागात पडणारा आळस दुसरा नाही. फिस्टुला झाली की त्या हाताने द्राक्षाचे क्रेट उचलू नयेत. त्या हाताचे रक्त काढू देऊ नये, रक्तदाब मोजू देऊ नये, तो हात उशाखाली घेऊन झोपू नये. रोज सकाळी त्यावर बोटे ठेवावी. आत थरथर जाणवली पाहिजे. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नळीच असेल तर तिच्यावर पाणी पडू देऊ नये, आणि नळीवाल्या रोग्याला थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नये.

पाण्याची गोष्ट तर मोठी ऐकण्यासारखी आहे. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. गाळ खाली बसतो. शहरांच्या पाणीकेंद्रांतही तुरटी वापरतात. ते पाणी पिऊन आपल्याला काही होत नाही, कारण तुरटीतला ॲल्युमिनियम आतडी फारसा आत घेत नाहीत आणि जो घेतात तो मूत्रपिंडे काढून टाकतात. पण डायलिसिसच्या एका बैठकीला १२० लिटरच्या आसपास पाणी लागते. ते पाणी आणि रक्त यांच्यामध्ये एका पातळ पडद्याचाच काय तो आडपडदा. १९७० च्या दशकात परदेशांतल्या काही गावी डायलिसिसचे रोगी बोलताना अडखळू लागले, भ्रमिष्ट झाले, काही मेले. शोध करता करता नळाच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमचे नाव पुढे आले. तेव्हापासून डायलिसिसचे पाणी फार कसोशीने शुद्ध करतात. पाण्यात मेलेल्या जंतूंचे कण राहिले तरी ते पडद्यातून पलीकडे जाऊन दाह वाढवतात. म्हणून यंत्रावर बसल्यावर थंडी वाजली, हुडहुडी भरली, तर अंगावर घोंगडी ओढून गप्प पडू नये. लगेच सांगावे.

दात किडलेले असणे, हिरड्यांतून पू येणे, पायाची जखम चिघळणे, हीसुद्धा ठिणगीच. मधुमेहाच्या रोग्याने रोज पायाचे तळवे पाहावे. डोळ्यांना दिसत नसेल तर सुनेला, नातवाला पाहायला सांगावे.

आता वेळेविषयी. दवाखान्यात हे बोलणे नेहमी कानावर येते.

‘ताई, आज तासभर आधी सोडा ना. साडेपाचची गाडी चुकंल.’

‘बाबा, मागल्या वेळी पण तुम्ही लवकर उठलात.’

‘अहो, तीन तासांत झालंच की धुऊन!’

बाबांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. युरिया पहिल्या दोन-तीन तासांत पुष्कळ निघतो. पण मोठ्या अंगाची घाण हळूहळू निघते हे वर आलेच. फॉस्फरस तसाच. चिकट विषही थोडे सुटे होते, ते निघते, मग आणखी थोडे सुटे होते. यांना वेळच लागतो. चौथा तास यांचा आहे. दर खेपेला एक तास चोरला तर महिन्याला १२ तास होतात, म्हणजे तीन पुऱ्या बैठका बुडाल्या. आणि जे पाणी चार तासांत काढायचे ते तीन तासांत ओढले तर पायात गोळे येतात, रक्तदाब एकदम उतरतो, हृदयाला झटका बसतो. गाडी चुकते ही अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय बैठकीची पाळी बदलून मागणे हा आहे. केंद्रात सकाळ-दुपारच्या पाळ्या असतात. दुसऱ्या रोग्याशी अदलाबदल होते. विचारून पाहावे. पैशाअभावी आठवड्याला दोनच वेळा जाणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी तर एक मिनिटही कमी करू नये.

खाण्यापिण्यात घरची माणसे मायेपोटी उलटे करतात. विष प्रथिनांपासून होते असे ऐकले, की डाळ बंद, अंडे बंद, दूध बंद. मूत्रपिंडे अर्धवट चालत असताना डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात. तोच नियम लोक पुढे चालू ठेवतात. डायलिसिस सुरू झाल्यावर नियम बदलतो. यंत्रातूनही काही प्रथिने वाहून जातात. दाह अंगाचे मांस खातो. तेव्हा पोटभर जेवले पाहिजे. अंड्याचा पांढरा भाग, मासे, कोंबडी, शाकाहारी असाल तर डाळ, पनीर, दही, हे किती आणि कसे ते दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या ताईंकडून ठरवून घ्यावे. उपाशी ठेवलेला रोगी लवकर खचतो.

बंद करायचे ते मात्र बंदच. पाहुणे भेटीला येतात, हातात शहाळे. आपल्या नाशिकचे म्हणून मनुक्यांची पुडी. शहाळ्यात आणि मनुक्यांत पोटॅशियम फार. मूत्रपिंडे नसताना पोटॅशियम वाढले तर हृदय चालता चालता थांबते. शहाळे, मनुके, केळी, फळांचे रस रोग्याला देऊ नयेत. पाहुण्यांनी राग मानू नये. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्या आणि ते पाणी ओतून द्यावे. बटाट्याचेही तसेच करावे. कांदा प्रमाणात चालतो, ही त्यातल्या त्यात आपल्याकडची सोय! मीठ कमी, म्हणजे लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या ताटाबाहेर. मीठ कमी झाले की तहानही कमी होते. दिवसाला किती पाणी प्यायचे ते डॉक्टर सांगतील, त्यात चहा, ताक, आमटीचे पाणी सगळे धरायचे. पोट रोज साफ व्हावे. न झाल्यास डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यावे. बाजारचे चूर्ण मनाने घेऊ नये, त्यात काय असते ते पुडीवर लिहिलेले नसते.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. डायलिसिस सुरू झाले तरी काही रोग्यांना दिवसाला वाटी-दोन वाट्या लघवी होत असते. ‘एवढ्याशानं काय होतंय!’ असे लोक म्हणतात. त्या वाटीभर लघवीचे मोल फार आहे. ती होते याचा अर्थ मूत्रपिंडातली वेचणारी बोटे अजून थोडी हलताहेत. जे चिकट विष यंत्राला निघत नाही, ते या वाटीतून थोडे का होईना निघते. ज्यांची अशी लघवी टिकते ते रोगी अधिक दिवस जगतात, हे पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. ती टिकवायची तर आठवडे-बाजारातली अंगदुखीची गोळी, ओळख-पाळख नसलेल्याने टोचलेली सुई आणि जडीबुटीची मात्रा यांपासून दूर राहावे. गुडघा दुखला तर डायलिसिसच्या डॉक्टरला दाखवावे. तो चालेल अशी गोळी देतो.

चिकट विष काढण्याची खटपट जगभर चालू आहे. जपानात खास बनवलेल्या कोळशाचे औषध १९९१ पासून देतात. ते आतड्यातच विष शोषून घेते. दुसऱ्या देशांत मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत त्याचा म्हणावा तसा गुण दिसला नाही. हे ऐकून चुलीतला कोळसा कोणी खाऊ नये. रक्तातून जास्त पाणी ओढून धुण्याची सुधारलेली यंत्रेही आली आहेत. युरोपात १३६० रोग्यांवर त्यांची चाचणी झाली. २०२३ साली तिचा निकाल आला, त्यात या यंत्रांवरच्या रोग्यांत मृत्यू कमी दिसले. तरी पण चिकट विषापुढे तीही अपुरी पडतात. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर बोटेच परत मिळतात. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको असे जवळचे माणूस देऊ शकते. मेंदू मृत झालेल्या माणसाचेही त्याच्या घरच्यांच्या संमतीने मिळते. त्यासाठी नाव नोंदवून थांबावे लागते. डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचारावे, की आमच्या माणसाला हे होण्यासारखे आहे का.

खर्चाची धास्ती सर्वांनाच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. २०१६ सालापासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रमही आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. जाताना शिधापत्रिका, ओळखपत्र आणि आधीचे सगळे तपासणीचे कागद एका पिशवीत घालून न्यावे. कागदांची एक एक नक्कल घरी ठेवावी. आरोग्यमित्राने अर्ज दिला तर तो आता तुम्हालाच वाचता येईल. सही करण्याआधी वाचा, आणि न समजलेल्या शब्दावर बोट ठेवून विचारा.